कार्डावरचे तिघे

२३ नोव्हेंबर, रविवार. चर्चमधून आल्यावर साडीसुद्धा न बदलता मी लोकरीच्या कपड्यांची ट्रंक गच्चीवर नेली.

तसं हे काम आदल्या दिवशीच व्हायला हवं होतं. ग्वाल्हेरला दिवाळी झाली की रजया, शाली, स्वेटर सगळं एकदा उन्हातून काढावं लागतं. नाहीतर जानेवारीच्या धुक्यात अंगाला डांबरगोळ्यांचा वास घेऊन फिरायचं. पण त्या दिवशी मला हाताला काहीतरी जड काम हवं होतं. ट्रंक जड होती.

ट्रंक आत्यांची. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. जन्मभर नर्स होत्या, लग्न केलं नाही, आईविना राहिलेल्या भाच्याला वाढवलं. नया बाजाराच्या मागच्या गल्लीतलं हे घर त्यांचंच. दोन वर्षांपूर्वी आम्ही आफ्रिकेतून परत आलो ते इथंच उतरलो आणि इथंच राहिलो, कारण आत्यांना एकटं ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं. गॅस बंद करायला विसरत. नळ चालू राही. औषध घेतलं की नाही ते आठवत नसे. सुया मात्र हातातून सुटल्या नव्हत्या.

रजया कठड्यावर टाकल्या, शाली दोरीवर. तळाशी पाच स्वेटर होते. मरून, राखाडी, बाटलीसारखा हिरवा, काळसर निळा आणि पुन्हा मरून. पुरुषी माप, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. मी ते बाजेवर ओळीनं पसरले, बाह्या दोन्हीकडे सरळ करून. मग सगळे उलटे करून पालथे घातले. उलट्या बाजूनं ऊन दिलं की रंग विटत नाही. हे कारण खरं आहे, पण तेवढंच नव्हतं.

शेजारच्या गच्चीवरून आवाज आला. शेजारीण मराठीच, तिच्या घराण्यात कोणी दरबारात कारकुनी केलेली, आता सून बँकेत आणि मुलगा सिटी सेंटरला कुठल्या ऑफिसात.

"वहिनी, बेटा आला वाटतं तुमचा?"

"नाही."

"मग येत असेल. इतके मोठे मोठे काढलेत म्हणून म्हटलं."

"ऊन द्यायला काढलेत," मी म्हटलं.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना गेला. त्याला अकरा वर्षं झाली.

मलावीतल्या एका सरोवराच्या काठी आम्ही राहत होतो. नवरा तिथल्या मुलांना सुतारकाम शिकवायचा आणि संध्याकाळी बायबल. मी सकाळी छोट्या दवाखान्यात पुड्या बांधायचे, दुपारी बायकांचा शिवणवर्ग घ्यायचे. लोकांना वाटतं मिशनरी म्हणजे झाडाखाली उभं राहून उपदेश करणं. आमचा बराचसा वेळ पाणी उकळण्यात, मच्छरदाणीची भोकं शिवण्यात आणि दारात आलेल्या माणसाला काहीतरी खायला घालण्यात जायचा. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि सरोवरातली मासळी. मी त्या मासळीला माझ्या माहेरच्या, नगरच्या पद्धतीचं वाटण लावायचे. शेजारच्या बायका येऊन नाक मुरडायच्या आणि वाटी पुसून खायच्या.

मिशनरी म्हणून निघण्यापूर्वी एक रिवाज असतो. कुटुंबाचा फोटो काढून त्याची कार्डं छापतात. खाली लिहितात, आमच्यासाठी प्रार्थना करा. ही कार्डं चर्चच्या मंडळीत घरोघर वाटतात. कोणी कपाटाला चिकटवतं, कोणी बायबलमध्ये खूण म्हणून ठेवतं. प्रार्थनेच्या वेळी कार्ड हातात घ्यायचं आणि डावीकडून उजवीकडे एकेका चेहऱ्यासाठी प्रार्थना करायची. आमचा फोटो पाटणकर बाजारातल्या एका स्टुडिओत काढला होता. नवरा उभा, मी खुर्चीवर, मांडीवर चार वर्षांचा मुलगा, गळ्यात स्टुडिओवाल्याचा लाल बो. तो बो त्याला टोचत होता म्हणून तो रागावलेला दिसतो.

दोन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. तिकडेच. आधीची कार्डं बरीच शिल्लक होती, म्हणून नवीन छापली नाहीत. आम्हाला पाठवणाऱ्या संस्थेनं तसं कळवलं आणि आम्हालाही ते बरोबरच वाटलं. फोटोच तर आहे.

दर नाताळाला ग्वाल्हेरहून पार्सल यायचं. नाताळचं पार्सल, पोहोचायचं मार्चात. लोणचं, मेतकूट, सुया, दोरे आणि आत्यांनी मुलासाठी विणलेला स्वेटर. मार्चात तिथं अंगावर सुती सदरा सहन व्हायचा नाही. पण पार्सल मिळालं की वस्तू वापरतानाचा फोटो पाठवायचा हाही रिवाज. मुलाला अंगणात उभा करून मी त्याच्या डोक्यातून स्वेटर घालायचे.

"आई, आत्याआजीला सांग ना, इथं ऊन असतं."

"सांगितलंय."

"मग?"

"ती म्हणते, पहाटे घालत जा."

"पहाटे मी झोपलेला असतो."

"मग झोपेत घाल. आता हस."

तो हसायचा, फोटो निघायचा आणि तो स्वेटर काढून पाण्याकडे पळायचा. आत्यांचं माप मात्र कधी चुकलं नाही. त्यांनी भाच्याला प्रत्येक वयात स्वेटर घातला होता आणि पोरगा बापाच्या हाडापेराचा होता. बाप सातव्या वर्षी जेवढा, तेवढाच हा.

नवव्या वर्षीचा स्वेटर निळा होता. तो त्यानं एकदाच आपणहून मागितला. भर दुपारी ताप चढायच्या आधी त्याला हुडहुडी भरली. बाहेर कोंबड्या सावली शोधत होत्या आणि हा म्हणाला, आई, ग्वाल्हेरचा स्वेटर दे. मी दिला. मोठ्या दवाखान्यात न्यायला मासळीच्या व्यापाऱ्याची गाडी मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत तो गेला. नवऱ्याच्या विद्यार्थ्यांनी पेटी केली. चांगली केली, एकही खिळा वाकडा गेला नव्हता. गावातल्या बायका येऊन जमिनीवर बसल्या आणि हलल्या नाहीत. शेवटी मीच त्यांना चहा करून दिला.

पुष्कळांनी विचारलं, परत का आला नाही. काम तिथं होतं, आणि तोही तिथं होता. मुलगी तीन वर्षांची होती, तिला दुसरं घर माहीत नव्हतं. आम्ही राहिलो.

आत्यांना नवऱ्यानं फोनवर सांगितलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. नर्स असून. एवढंच म्हणाल्या, "मी इथं उपासना ठेवते." आणि स्वतः उभं राहून ती घेतलीही. त्या वर्षीपासून पार्सलमधून स्वेटर बंद झाला. मुलीसाठी टोपडी, मोजे यायचे. मग तेही कमी होत गेलं. आम्हाला वाटलं, वय झालं.

परत आल्यावरच्या पहिल्या गुरुवारी मी बायकांच्या प्रार्थनेला गेले. आमच्या चर्चची उपासना हिंदीत चालते, पण गुरुवारी आम्ही मोजक्या मराठी बायका जमतो, आळीपाळीनं एकेकीच्या घरी. पाळकसाहेबांची पत्नी झाशीकडची. तिला मराठी अर्धं कळतं, तरी ती येते आणि प्रत्येक प्रार्थनेला मोठ्यानं आमेन म्हणते. त्या दिवशी आत्यांनी बायबलमधून कार्ड काढलं. आधी भाच्यासाठी प्रार्थना केली, मग माझ्यासाठी. मी शेजारीच बसले होते. मग म्हणाल्या, "आणि प्रभू, होस्टेलात असलेल्या पोराला सांभाळ. त्याला चष्मा लागलाय. रात्र रात्र वाचत बसतो, त्याच्या डोळ्यांना जप."

बायका डोळे मिटून होत्या. जुन्या दोघींना सगळं ठाऊक होतं. त्यांचे ओठ घट्ट मिटले. पाळकीणबाई खणखणीत आमेन म्हणाली.

माझ्या लक्षात आलं ते एवढंच की त्याला चष्मा लागलाय.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "मला अठराव्या वर्षी चष्मा लागला होता."

पुढच्या गुरुवारी मुलाचा हात मोडला, क्रिकेट खेळताना. नवऱ्याचाही मोडला होता. मग त्याला गणित जड जायला लागलं, मेसचं जेवण सोसेना, मिशी फुटली. नवरा ऐकायचा आणि उठून जायचा. एकदा म्हणाला, "ती मलाच परत वाढवतेय. ह्या खेपेला मी तिच्याजवळ नाही, एवढाच फरक."

"सांगू का त्यांना?"

"सांग. किंवा नको सांगू. मला विचारू नकोस."

मी सांगितलं नाही. मी कामाची बाई आहे. तिकडे किती आयांना मी तोंडावर सांगितलंय की तुझं लेकरू राहणार नाही, पाणी पाज आणि जवळ बस. सांगता येत नव्हतं असं नव्हतं. मला गुरुवारची वाट पाहायची सवय लागली होती. माझ्याकडे तो नऊ वर्षांचाच होता, जिथल्या तिथं. आत्यांकडे तो वाढत होता. दर आठवड्याला काहीतरी खबर असायची. पाऊस असो, पाय दुखोत, मी गुरुवार चुकवला नाही.

ट्रंकेतले स्वेटर मला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात सापडले होते. मधली वर्षं नव्हती. नवव्या वर्षानंतर एकदम सोळाव्याचं माप. म्हणजे आत्यांची आठवण गेली तेव्हा तो परत आला, आणि येताना मधे जेवढा वाढायचा तेवढा वाढून आला. मरून स्वेटर पहिल्यांदा उलगडून धरला तेव्हा तो माझ्या हनुवटीपासून मांड्यांपर्यंत आला. मी त्याची घडी करून परत तळाशी ठेवला आणि डाळ चढवायला गेले.

ह्या सगळ्यात मुलगी होती. चौदा वर्षांची, नववीत. मराठी सुरू करते आणि हिंदीत संपवते, चिडली की सरोवराकाठची भाषा. आत्यांच्या डोक्यातून ती पुसली गेली होती. त्या तिला कधी शेजारची पोर समजायच्या, कधी भाडेकरूंची. जेवायला बसली की विचारायच्या, "हिच्या घरी सांगितलंय ना?" कार्ड काढायच्या, तिघांसाठी प्रार्थना करायच्या, कार्ड ठेवून द्यायच्या. पोरगी सुरुवातीला हसायची. मागच्या हिवाळ्यात आत्या पाचवा स्वेटर विणत होत्या तेव्हा ती मला म्हणाली, "आई, दादाला तरी स्वेटर मिळतो. मला काय मिळतं?"

"तुला बाजारातून आणलाय की."

"हाँ. बाजारातून."

मी तेव्हा मटार सोलत होते. सोलतच राहिले.

ह्या वर्षी सहावा निघाला. काळा, मधे राखाडी पट्टा. आत्यांनी पाठ, पुढा, बाह्या सगळं जोडलं आणि गळ्याशी थांबल्या. गळ्याचे टाके एका दोऱ्यावर ओवून ठेवले. "पोर एवढं मोठं झालं, डोकं किती झालंय कोण जाणे. अंगावर बघितल्याशिवाय गळा बंद करायचा नाही. नाताळाला बोलाव त्याला." हे मला रोज, चहाच्या वेळी. आणि गुरुवारी प्रभूलाही.

पाळकीणबाईनं ते ऐकलं. त्या रविवारी, म्हणजे ज्या दिवशी मी ट्रंक गच्चीवर नेली त्याच सकाळी, उपासनेनंतर ती सूचना द्यायला उभी राहिली. गाण्याची प्रॅक्टिस, केकची जबाबदारी, आणि मग हसून म्हणाली, "और सबसे खुशी की बात! हमारे मिशनरी परिवार का बेटा, जिसके लिए हम सब इतने दिनों से प्रार्थना कर रहे हैं, इस क्रिसमस पर घर आ रहा है. वो यहाँ, हमारे बीच, अपने विश्वास की गवाही देगा. तालियाँ!"

अर्ध्या चर्चनं टाळ्या वाजवल्या. जे त्याच्यानंतरच्या वर्षांत आलेले होते त्यांनी. जुन्यांचे हात मांडीवरच राहिले. अर्ध्या माणसांच्या टाळ्यांचा आवाज कसा असतो ते मला तेव्हा कळलं. नवरा पायांकडे बघत होता. पुढच्या बाकावरून आत्या उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "येणार, येणार! स्वेटर तयार आहे. फक्त गळा राहिलाय."

माझ्या शेजारी बसलेली मुलगी मला अगदी हळू म्हणाली, "आई, और मैं?"

घरी येऊन मी ट्रंक उचलली.

रजया उलटून झाल्या तेवढ्यात पाळकीणबाई जिना चढून आली. चर्चच्या फाटकाशी कोणीतरी तिला सांगितलं होतं. तिचं नाक लाल झालं होतं. आत्या उन्हात खुर्चीवर बसल्या होत्या, काळा स्वेटर मांडीवर. मुलगी पाण्याच्या टाकीला टेकून मोबाइल बघत होती.

पाळकीणबाई मला कोपऱ्यात घेऊन कुजबुजली, "भाभीजी, मुझे किसी ने बताया ही नहीं. मैं तो हर हफ्ते आमेन बोलती रही."

"मला माहीत आहे."

"मैंने उसके बारहवीं के पेपर के लिए उपवास रखा था!"

मला हसू आलं. तीही हसली आणि लगेच रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "जो चले गए, उनके लिए हम लोग प्रार्थना नहीं करते. वो तो प्रभु के पास हैं, उन्हें हमसे क्या चाहिए. आंटीजी को बताना पड़ेगा. आप बताएँगी, कि मैं?"

"मी."

ती कठड्याशी उभी राहिली. मी आत्यांच्या समोर खाली बसले, म्हणजे तोंड नीट दिसेल.

"आत्या, तो नाताळाला येणार नाही."

"परीक्षा आहे का?"

"नाही. तो गेला, आत्या. तिकडेच. लहान असताना. तुम्हीच इथं उपासना घेतली होती."

आत्यांनी मांडीवरचा स्वेटर बाजूला केला नाही. हात पुढे करून माझं मनगट धरलं, नाडी बघताना धरतात तसं. आणि आवाज बदलला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. वॉर्डातला असावा.

"काय झालं होतं?"

"मलेरिया. डोक्यात गेला."

"ताप कसा चढला?"

"आधी थंडी वाजली. मग चढतच गेला."

"दात वाजत होते?"

"हो."

"अंगावर काय घातलंस?"

"स्वेटर. तुमचा. निळा होता तो. त्यानंच मागितला."

"बाह्या पुरल्या?"

"पुरल्या," मी म्हटलं. "मनगटापर्यंत आल्या."

आत्यांनी मान हलवली. फोनवर जे विचारलं नव्हतं ते सगळं त्यांनी विचारून घेतलं होतं. बोटं माझ्या मनगटावर तशीच होती. मग म्हणाल्या, "किती वर्षांचा म्हणालीस?"

"नऊ."

त्यांनी मांडीकडे पाहिलं. स्वेटरचे दोन्ही खांदे धरून तो समोर उचलला. पलीकडचं ऊन त्यातून बारीक बारीक दिसत होतं.

"मग हे कुणाचं?"

पाळकीणबाई कठड्याकडे तोंड करून उभी होती. नवरा खाली होता. मला ठाऊक होतं ते कुणाचं आहे. चष्मा असलेला, गणितात कच्चा, हात मोडून सांधलेला. मी आताच त्याला गेला म्हणून सांगितलं होतं. हे दुसऱ्यांदा, आणि ह्या खेपेला त्याच्या अंगावर काहीच नव्हतं.

मुलगी टाकीजवळून उठून आली. "आजी, इकडे द्या," म्हणाली. आत्यांच्या हातातून स्वेटर घेऊन दोऱ्यावरचे टाके सांभाळत तिनं डोक्यातून घातला. तो मांड्यांपर्यंत आला, हात बाह्यांत बुडाले.

आत्यांनी तिला ओढून समोर घेतली. खांद्याची शिवण कोपराच्या वर कुठंतरी गेली होती, ती चिमटीत धरली.

"ही कोण?"

"मी त्याची बहीण."

"कार्डावर नाहीस तू."

"तेव्हा मी पैदा ही कहाँ हुई थी!"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आहे, आत्या. आपलीच आहे. टोपडं पाठवलं होतंत तिला, पिवळं."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

पाळकीणबाई थोड्या वेळापूर्वी हेच म्हणाली होती.

"खांदे बारीक आहेत हिचे," आत्या म्हणाल्या. "हे फार मोठं होतं." आणि मग त्यांना थकवा आला. मी त्यांना खाली नेलं, चहा दिला. चहा पिताना थोड्या रडल्या. कशासाठी ते आठवेना म्हणून आणखी रडल्या.

संध्याकाळी जेवणाआधी त्यांनी नेहमीसारखं बायबल उघडलं, कार्ड काढलं. भाचा. सून. "आणि प्रभू, होस्टेलातल्या पोराला सांभाळ. त्याला खोकला झालाय. सुकाच आहे, पण छातीत वाजतोय."

सगळं पुसून गेलं होतं. नवऱ्यानं पोळी तशीच ठेवली. मुलगी आमेन न म्हणता उठली आणि आतल्या खोलीत गेली. आणि मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, आलं संपलंय, सकाळी आणायला हवं, मधाबरोबर त्याला चाटण करून द्यायला. आलं, मध आणि बरणी सगळं डोळ्यापुढे उभं राहिलं. मग आतल्या खोलीतून मुलीचं खोकणं ऐकू आलं. खरंखुरं. गच्चीवर पातळ ओढणीत दुपारभर बसली होती.

मी उठून आत गेले. तिच्या छातीला हात लावून पाहिला.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. खोकला आहे तुला."

"चार दिवसांपासून आहे. आत्ता कळतंय तुला?"

मी तिला गरम पाणी दिलं.

सोमवारी सकाळी, शाळेची रिक्षा यायच्या आधी, मी काळा स्वेटर आणि खुर्ची गच्चीवर नेली. आत्यांना उन्हात बसवलं. बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, "त्याला कधी बोलावतेस? गळा राहिलाय."

मी गळ्याच्या टाक्यांतला दोरा ओढून काढला, लोकरीचं टोक शोधलं आणि उसवायला लागले.

"अगं! काय करतेस! तयार झालंय ते!"

"हिच्यासाठी करायचंय, आत्या. हिला थंडी वाजते. खोकला झालाय."

"ही कोण?"

"माझी मुलगी."

"कार्डावर..."

"नाही. तुम्ही माप घ्या."

मुलगी युनिफॉर्ममध्ये, पाठीवर दप्तर, जिन्याशी उभी होती. आत्यांनी तिला बोटानं जवळ बोलावलं. दप्तर उतरवायला लावलं. पाठ फिरवायला लावली आणि ह्या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत वीत टाकली. मग अर्धी.

"नीट उभी राहा. पोक काढू नकोस."

"आजी, रिक्षा आ जाएगी."

"येऊ दे. हात वर कर. तुझ्या घरी कोणी सांगत नाही का, हाडं दिसतात इथं?"

"माझ्या घरी कोणाचं लक्ष नाही," मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, पण हात वर केला.

खालून रिक्षाचा भोंगा वाजला. ती गेली. आत्या बोटांवर टाके मोजत राहिल्या, आणि मोजता मोजता त्याच्या परीक्षेबद्दल काहीतरी पुटपुटल्या. मी ऐकलं, आणि उसवत राहिले. काळी लोकर, मग राखाडी पट्टा, मग पुन्हा काळी. उसवलेली लोकर सरळ नसते, प्रत्येक टाक्याचं वळण तिच्यात राहतं. मी ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून तिच्या लडी केल्या आणि ऊन दिलेले पाच स्वेटर घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवले. लडी कोमट पाण्यात बुडवून काढल्या. वळणं जावीत म्हणून खाली पाण्यानं भरलेला तांब्या बांधून त्या दोरीवर टांगल्या, आणि आलं आणायला बाजारात गेले.